सिफूमधलं पॅरी टायमिंग
काही जण म्हणतात की सिफू या कुंगफू व्हिडिओ गेममध्ये पॅरी, म्हणजे समोरच्याचा फटका ऐन वेळी परतवणं, जमतच नाही, त्यापेक्षा एल वन (कंट्रोलरवरचं ब्लॉकचं बटन) दाबून धरलेला बरा. नाही हो, असं नका करू! ब्लॉक धरून बसलात की प्रत्येक फटक्याला स्ट्रक्चर बार (आपला तोल किती ढळलाय ते दाखवणारी पट्टी) भरत जातो आणि पूर्ण भरला की गार्ड तुटतो, मग मार खायचाच. पॅरीलाही तेच बटन आहे, फक्त फटका बसायच्या किंचित आधी टॅप करायचं.

पण मला विचाराल तर आधी अव्हॉइड, म्हणजे जागेवरच वार चुकवणं, शिका. एल वन धरून स्टिक खाली केली की डोक्यावरचे वार हुकतात, वर केली की पायावरचा स्वीप, आणि जमलं की आपला बारही उतरतो. क्लब या लेव्हलचा काठीवाला बॉस शॉन, त्याच्याशी लढताना मी काठीच्या टोकाकडेच बघत बसायचो आणि दरवेळी उशीर व्हायचा, आता त्याच्या खांद्याकडे बघतो, खांदा वळला की कुठून येणार ते कळतं.

आणि हो, टीव्हीचा गेम मोड (बटन दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर कमी करणारं सेटिंग) चालू आहे ना ते बघा. आमच्या परळच्या घरी तो बंदच होता, आठवडाभर टॅप उशिरा लागत होते, चालू केला त्याच रात्री शेवटची लोकल जायच्या सुमाराला शॉन पडला.