मदत हवी आहे : एमएस ऑप्थॅलची जागा कशी निवडायची? (खानापूर, बेळगाव)

नंदगडकर :
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीजीला ऑप्थॅलच, म्हणजे डोळ्यांचंच, करायचं हे ठरलंय, पुढं घोडं अडलंय.

ऑप्थॅलच का? ऊस तोडताना आमच्या काकांच्या डोळ्याला पात लागली. चार दिवस डोळा चोळत काढले, मग दुकानातून थेंब आणून घातले. ते स्टेरॉइडचे होते. आता त्या डोळ्यात फूल आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. नंतर नेत्रविभागाच्या पोस्टिंगला सर शिकवत होते : पाल्याचा मार, बुरशीचा अल्सर म्हणजे बुबुळावरची जखम, वर स्टेरॉइड घातलं की ती बळावते. वर्गात सगळे लिहून घेत होते, मला काकाच दिसत होते.

आता अडचणी. मामेभाऊ अमेरिकेत डॉक्टर आहे. तो म्हणतो आतापासून रिसर्च पेपर कर, मोठ्या डॉक्टरांची पत्रं गोळा कर, नाहीतर ऑप्थॅल विसर. इथं पेपर करायला गाईड मिळेना, म्हणून झोप उडालीय. दुसरं, आप्पांनी महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांचा सीमाभागाचा दाखला जपून ठेवलाय. महाराष्ट्रात एमबीबीएसला त्यावर जागा असतात, पीजीला धरून चालू का? आणि मेन म्हणजे एमएस घ्यावं की डीएनबी (हॉस्पिटलात राहून करायची राष्ट्रीय मंडळाची पदवी)? प्रवेश परीक्षेच्या सराव टेस्टला २०० पैकी १२०-१२५ बरोबर येतात. घरची परिस्थिती बेताची, मॅनेजमेंट कोटा डोक्यातच नाही.

वडगावची ताई :
बाळ, मामेभावाचं खरं आहे, पण ते तिकडचं. अमेरिकेत ऑप्थॅलची निवड एसएफ मॅच नावाच्या वेगळ्या पद्धतीनं होते. त्यात यूएसएमएलई या तिकडच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, मग पेपर आणि पत्रांचं वजन वाढणारच. आपल्याकडं पत्र कुणी बघत नाही. नीट-पीजी या देशभराच्या प्रवेश परीक्षेचा रँक, बस्स. २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. आता ४० प्रश्नांचा एकेक भाग ४२ मिनिटांत संपवायचा आणि मागं जाता येत नाही, त्याचा सराव आत्तापासून कर. एम्स, पीजीआय, जिपमरसाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी, वर्षातनं दोनदा.

दाखल्यावर घर बांधू नकोस. त्या वर्षीचं महाराष्ट्राचं माहितीपत्रक येईल तेव्हा वाच, मिळालं तर वरकड. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यात असतात, तिथं तू खानापूरचा की कोल्हापूरचा, कोण विचारतंय? उरलेल्या कर्नाटकात केईए, म्हणजे राज्याचं परीक्षा प्राधिकरण, भरतं. जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पीजीला रहिवासावरचं आरक्षण रद्द केलं, पण एमबीबीएस कुठल्या संस्थेतून केलं त्यावरून काही जागांना प्राधान्य देता येतं. तू तर इथल्याच कॉलेजातला.

निपाणीचा डोळेवाला :
काय ओ नंदगडकर, एमएस की डीएनबी हा प्रश्नच उलटा धरलाय तुम्ही. दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हीला सारखीच मान्यता. विचारायचं ते एकच : शेवटच्या वर्षाला स्वतःच्या हातानं किती मोतीबिंदू करायला देतात? असिस्ट केलेले धरू नका. बिनटाक्याचं (हातानं काढायचं) किती आणि फेको (मशीननं मोतीबिंदू फोडून काढायचं) किती, वेगळं विचारा. बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवायला वेट लॅब आहे का तेही बघा. आणि हे विभागप्रमुखांना विचारू नका, रात्री मेसमध्ये रेसिडेंटला गाठा.

माझं सांगतो. नावाजलेल्या कॉलेजात एमएस केलं. खाजगी पेशंट कोण देतंय शिकाऊ पोराच्या हातात? पास होऊन बाहेर पडलो तेव्हा फेकोचं मशीन चालू करता येत होतं, इतकंच म्हणा. मग वर्षभर लांब एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॅम्पचे पेशंट करत राहिलो, तेव्हा कुठं हात बसला. ते वर्ष वाचवा तुम्ही.

काउन्सेलिंगचं एक ध्यानात ठेवा. एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या काउन्सेलिंगच्या, पहिल्या फेरीची जागा सोडता येते, दुसरीत सोडली की डिपॉझिट गेलं. डीम्ड विद्यापीठांच्या जागांना ते २ लाख आहे. भीतीनं यादीत वाट्टेल ते भरू नका.

आणि कन्नड शिका की ओ! हसू नका.

नंदगडकर :
कन्नडवरून आठवलं. ओपीडीत आमच्याच भागातली एक आजी आली होती. समोर कन्नड अक्षरांचा तक्ता. ती गप्पच. इंटर्ननं ६/६०, म्हणजे नजर फारच कमी, असं लिहून टाकलं. मी मराठीत विचारलं, तर म्हणाली, "दिसतंय रे बाबा, वाचता कुठं येतंय." ई-चा तक्ता लावला, बोटानं दिशा दाखवत सरळ ६/१८ पर्यंत आली. उलटंही होत असणार, कन्नड आजी आणि माझ्यासारखा मराठी डॉक्टर. शिकतो.

वडगावची ताई :
हे तुझ्या मामेभावाला कळव. पेपर यातच आहे.

नंदगडकर :
दोन दिवसांनी लिहितोय. ओळखीच्या दोन सीनियरना फोन लावला, निपाणीकरांचा प्रश्न विचारला. पहिला मोठ्या कॉलेजात, तिसरं वर्ष निम्मं सरलंय. म्हणाला, "फेको? एकदा हँडपीस धरायला दिला होता, फोटोपुरता." दुसरा डीएनबीला आहे, हॉस्पिटलचं नावही मी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, "पहिले शंभर मोजले, मग मोजायचं सोडलं. ठेव फोन, ओटीत बोलावतायत."

फी किती ते विचारायचं राहिलंच. त्यानं अजून फोन उचललेला नाही.