मदत हवी आहे : बाळाचं नाव 'लोपामुद्रा' ठेवावं का?

नमस्कार मंडळी, रविवारी भाचीचं बारसं आहे. आत्या म्हणून माझ्या मनात 'लोपामुद्रा' आहे. अगस्त्य ऋषींची पत्नी, ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९व्या सूक्तात बोलणारी, आणि महाभारतात तर चक्क विदर्भाची राजकन्या! आम्ही अमरावतीचे, म्हणून जास्तच जवळचं वाटतं.

वहिनीच्या आईंना मात्र 'लोप' खटकतोय. हरणाचे डोळे वगैरे, प्राण्यांचं सौंदर्य घेऊन अगस्त्यांनी तिला घडवलं म्हणून हे नाव, ही कथा सांगितली, तरी त्यांचं मन मानेना. बंगालमध्ये हे नाव ऐकू येतं, आपल्याकडे क्वचितच.

तुमच्या ओळखीत कुणी लोपामुद्रा आहे का? घरी काय हाक मारतात? शाळेत चिडवतात का? संस्कृतच्या जाणकारांनी व्युत्पत्ती नक्की सांगा, आईंना वाचून दाखवायची आहे.