संथपणा ही फक्त पैसेवाल्यांची चैन?

घाई सोडून संथ जगा असं सांगणारे लेखक कार्ल ओनोरे यांचा विचार म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असा आक्षेप घेतला जातो. मला हे पटत नाही. ओनोरे काही डोंगरावर जाऊन बसलेले साधक नव्हेत. लंडनमध्ये राहणारे, डेडलाइनवर पोट असलेले कॅनडाचे पत्रकार. मुलाला झोपवताना ते गोष्टीतल्या ओळी गाळून वाचायचे. एका मिनिटात संपणाऱ्या बालकथांबद्दल वाचल्यावर आधी त्यांना आनंदच झाला, आणि मग स्वतःचीच धास्ती वाटली. त्यातून २००४ साली ‘इन प्रेझ ऑफ स्लो’ हे पुस्तक आलं. सगळं हळू करा असं ते म्हणतच नाहीत. प्रत्येक कामाला त्याचा योग्य वेग द्या, एवढंच म्हणतात.

चैनीच्या आक्षेपाचं उत्तर मात्र मला इटलीच्या कार्लो पेत्रिनी यांच्याकडे जास्त सापडतं. तेही पत्रकार, आणि डाव्या चळवळीतून आलेले. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून निदर्शनं झाली, त्यातूनच पेत्रिनींची ‘स्लो फूड’ ही फास्ट फूडविरोधी चळवळ उभी राहिली. अन्न चांगलं हवं, स्वच्छ हवं आणि न्याय्य हवं, ही त्यांची मागणी. न्याय्य म्हणजे पिकवणाऱ्याला नीट दाम! हे चैनीचं बोलणं कसं? पुढे १९९९ मध्ये इटलीतल्या छोट्या गावांनी ‘चित्तास्लो’ म्हणजे संथ शहरांचं जाळं सुरू केलं, तेव्हा गोंगाट, रहदारी, स्थानिक माल हे नगरपालिकेचे विषय झाले.

दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला ‘जरा निवांत व्हा’ सांगणं क्रूरच आहे. तिला कामाच्या तासांवर कायदेशीर मर्यादा हवी, पोटापुरती मजुरी हवी. संथपणाची चर्चा तिथपर्यंत न्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.