मदत हवी आहे : बालवाडीतील लाकडी खेळणी निर्जंतुक कशी करावीत?

आमच्या बालवाडीत दोन ते चार वर्षांची मुले असून या वयात खेळणी तोंडात जातातच. पावसाळ्यात एका मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पाठोपाठ इतरांनाही होतात, म्हणून खेळण्यांची स्वच्छता नीट लावून घ्यायची आहे.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा प्रश्न सुटला आहे. साबणाने धुऊन, ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) एका भागात ४९ भाग पाणी घालून केलेल्या द्रावणात ते दहा मिनिटे बुडवतो आणि स्वच्छ पाण्याने खळबळून वाळवतो.

अडचण आहे ती सावंतवाडीच्या रंगवलेल्या लाकडी फळांची. ती भिजवली तर लाकूड फुगते. अल्कोहोलचे सॅनिटायझर लावलेल्या कापसाने पुसली तेव्हा आंब्याच्या देठाजवळचा लाल रंग कापसावर उतरला, आणि तोच रंग मुलांच्या तोंडात जाण्याची धास्ती वाटते. शिवाय जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोल फारसे प्रभावी नसते. सध्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून ती उन्हात ठेवतो, पण पावसाळ्यात ऊनच मिळत नाही. मुलांना ही फळे फार आवडतात, त्यामुळे ती काढून टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नये. महागडे यंत्र घेणे शक्य नाही आणि उग्र वासाचे रसायन चालणार नाही.

रंग न उतरता आणि लाकूड न भिजवता पोटाच्या विकारांचे विषाणूही नष्ट होतील अशी कोणती पद्धत आहे, की साबणाने पुसून काही दिवस ती खेळणी बाजूला ठेवणे पुरेसे ठरेल?