पेटंट मिळालंय, राजकोटची पार्टी एक्सक्लुझिव्ह लायसन्स मागतेय, देऊ का?

सांगली_वर्कशॉप: नमस्कार मंडळी. हळद पॉलिशच्या ड्रममध्ये मी आणि मेहुण्यानं मिळून एक सुधारणा केली, दोघांच्या नावावर पेटंट मागच्या वर्षी ग्रँट झालं. वर्कशॉपात महिन्याला दोन-तीन मशीन निघतात, पुढं भांडवल नाही. आता राजकोटची पार्टी म्हणतेय एक्सक्लुझिव्ह लायसन्स द्या, एकरकमी पाच लाख देतो, बाकीचं फोनवर ठरवू. मेहुणा दुबईला, तो म्हणतो तू बघ. घेऊ का पैसे, की रॉयल्टी मागू? किती टक्के?

एजंट_पुणे: फोनवर काही ठरवू नका हो. पेटंट कायद्याचं कलम 68 सांगतं की लायसन्स लेखी आणि सह्यांचं नसेल तर ते वैधच नाही. मग पेटंट ऑफिसचा फॉर्म 16 (इन्कम टॅक्सचा नव्हे) भरून पेटंट ऑफिसच्या रजिस्टरला नोंद करायची, नोंद नसलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून सहसा घेत नाहीत. मेहुण्याचं "तू बघ" पण पुरत नाही. कलम 50 प्रमाणे तुम्ही दोघं आपापलं मशीन एकमेकांना न विचारता बनवून विकू शकता, पण तिसऱ्याला लायसन्स द्यायचं तर दोघांची संमती पाहिजे, म्हणजे त्याची सही नाहीतर मुखत्यारपत्र.

आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे काय माहितीये ना? व्याख्येतच लिहिलंय, बाकी सगळे बाहेर, खुद्द पेटंटवालासुद्धा! तुमची ती दोन-तीन मशीनपण बंद. त्यापेक्षा सोल लायसन्स द्या, बनवणार फक्त ते आणि तुम्ही.

जुना_कारखानदार: एकरकमी तर अजिबात नको. काही जण मशीन बनवायला नाही, बाजारात येऊ नये म्हणून लायसन्स घेतात आणि कपाटात ठेवतात. थोडा अ‍ॅडव्हान्स, वर प्रत्येक मशीनच्या बिलावर रॉयल्टी, आणि वर्षाला ठराविक मिनिमम, विकलं नाही तरी द्यायचं, नाही दिलं की लायसन्स रद्द. आणि मोटर-गिअरबॉक्स तुमच्याकडूनच घ्यायचा अशी अट टाका, त्यातही कमाई आहे.

एजंट_पुणे: काका, मिनिममचं एकदम बरोबर, पण मोटरची अट नको. पेटंटमध्ये नसलेली वस्तू माझ्याकडूनच घे असं लिहिलं तर कलम 140 खाली ती अट रद्दबातल ठरते. उद्या त्यांनी मशीन सुधारलं तर ती सुधारणा फक्त मलाच द्यायची, हेपण त्याच कलमात अडकतं.

टक्क्यांचा सरकारी दर नाही. नेटवर बायर आणि नाटको या औषध कंपन्यांच्या प्रकरणातले 6 टक्के (2012 चे, नंतर 7 झाले) दिसतील, पण तो कॅन्सरच्या औषधाचा सक्तीचा परवाना होता, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीविना पेटंट ऑफिसनं दिलेला, तुमच्या ड्रमला लावू नका. तुमचं मार्जिन किती, त्यांचं किती उरेल, त्यावर भांडा. रक्कम "जीएसटी वेगळा" अशी लिहा, 18 टक्के लागतो. आणि रिन्यूअल फी कोण भरणार तेही लिहा, फी चुकली तर पेटंटच जाईल, मग रॉयल्टी कशावर मागणार?

सांगली_वर्कशॉप: बाप रे, बरं झालं विचारलं. फक्त गुजरातपुरतं देता येईल का? सांगली-हिंगोलीचं गिऱ्हाईक मला सोडायचं नाहीये.

एजंट_पुणे: येईल की. कुठं बनवायचं, कुठं विकायचं, किती वर्षं, सगळं कागदात टाका. फक्त तिकडून रीतसर विकत घेतलेलं मशीन एखाद्या शेतकऱ्यानं हिंगोलीला आणलं तर त्याला अडवता येणार नाही, तेवढं धरून चाला.