रिचमंडने चांगले खेळाडू देऊन अठरा वर्षांची पोरं का घेतली?

कोल्हापूर_ते_टार्नीट

नमस्कार मंडळी. मेलबर्नमध्ये बरीच वर्षं असलेल्यांसाठी प्रश्न आहे.

माझं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. क्लबसाठी जीव टाकणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते भरून वाहायचे आणि मैदानातली पोरं बरीचशी आपल्याच गल्लीतली असायची. इथे आल्यावर माझा मुलगा फुटीत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, शिरला आणि वर्गातल्या मित्रांच्या नादाने रिचमंडचा झाला. शाय बोल्टन म्हणजे त्याचा देव. २०२४ चा मोसम संपला आणि बोल्टन गेला फ्रीमँटलला, डॅनियल रियोली गोल्ड कोस्टला, लियम बेकर वेस्ट कोस्टला. डस्टिन मार्टिन निवृत्त झाला. आधीच संघ शेवटून पहिला, त्यात उरलेसुरले चांगले खेळाडूही देऊन टाकले, आणि बदल्यात घेतलं काय, तर ड्राफ्टचे नंबर! २०२५ मध्येही पाचच सामने जिंकले.

हा ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा असतो का? क्लब मुद्दाम हरतात असं ऑफिसात एकजण म्हणाला, ते खरं का? आणि यातून संघ खरंच उभा राहतो का? मुलगा रोज विचारतो, आणि त्याला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नाही.

जुना_डीमन

ताई, तुमचा मुलगा योग्य प्रश्न विचारतोय. मी मेलबर्न डीमन्सचा माणूस, त्यामुळे हा सगळा प्रकार आमच्या क्लबात फार जवळून पाहिला आहे. सविस्तर लिहितो.

लिलावाशी याचा काही संबंध नाही, इथे पैशाची बोली लागत नाही. दर नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो, १९८६ पासून. लॅडरवर, म्हणजे गुणतक्त्यात, जो शेवटचा, त्याला पहिली निवड. त्या वर्षात अठराचा होणारा मुलगा नाव नोंदवतो आणि जो क्लब त्याचं नाव पुकारेल तिथे जातो. आवडता क्लब वगैरे त्याला विचारत नाहीत. बाप त्याच क्लबकडून १०० सामने खेळलेला असेल, किंवा मुलगा क्लबच्या अकादमीतला असेल, तर त्या क्लबला दुसऱ्याच्या निवडीशी बरोबरी करून त्याला घेता येतं. याला जोड सॅलरी कॅपची, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेची. पैसा ओतून कुणी कायमचं वर राहू नये, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे निवडीचा नंबर, म्हणजे पिक, हेच इथलं चलन. क्लब ते देतात, घेतात, पुढच्या वर्षीचंही आधीच विकतात.

आता रिचमंड. २०१७, २०१९, २०२० असे तीन कप जिंकणारा संघ एकदम म्हातारा झाला. २०२२ च्या अखेरीस त्यांना वाटलं की अजून एक धक्का मारता येईल, म्हणून सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबकडून टिम टॅरँटो आणि जेकब हॉपर आणले आणि त्यासाठी वरचे पिक मोजले. तो धक्का लागला नाही. मे २०२३ मध्ये प्रशिक्षक डेमियन हार्डविक गेले. २०२४ मध्ये दोन विजय, एकवीस पराभव. पंचवीस-सव्वीसचा बोल्टन ठेवून काय केलं असतं? हा संघ पुन्हा वर येईपर्यंत तो तिशीला टेकला असता. म्हणून ज्याला बाजारात भाव होता त्याला भाव असतानाच दिलं. बोल्टनसाठी फ्रीमँटलकडून १०, ११ आणि १८ नंबरचे पिक मिळाले. वर कुणी अकादमीतला किंवा जुन्या खेळाडूचा मुलगा घेतला की खालचे नंबर सरकतात, त्यामुळे प्रत्यक्षात १२ वर ताज हॉटन आला, १४ वर जॉन्टी फॉल, २१ वर ल्यूक ट्रेनर. त्याआधी १ वर सॅम लालोर आणि ७ वर जॉश स्मिली, नंतर २३ वर हॅरी आर्मस्ट्राँग. पहिल्या फेरीतच सहा मुलं. हॉटनचा तर त्या वर्षी गुडघा गेलेला होता, तरी घेतला. त्याच रात्री स्वतःचं एक पिक नॉर्थ मेलबर्नला देऊन त्यांचं पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक घेतलं. नॉर्थ २०२५ मध्येही तळाशीच राहिलं, त्यामुळे तो व्यवहार रिचमंडला फळला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दहात त्यांनी दोन मुलं घेतली.

घाई करण्याचं आणखी एक कारण होतं. २०२८ मध्ये टास्मानिया डेव्हिल्स लीगमध्ये येणार. नवा क्लब आला की त्याला उभं राहायला चांगले पिक द्यावे लागतात, आणि बाकीच्यांच्या वाट्याला कमी उरतं. २०११ आणि २०१२ ला गोल्ड कोस्ट आणि जीडब्ल्यूएस आले तेव्हा हेच झालं. तळाला जायचंच असेल तर २०२४ ला जा, २०२७ ला नको, हा हिशेब मला पटतो.

मुद्दाम हरण्याचं विचारलंत. २००९ मध्ये नियम असा होता की सलग दोन मोसम अगदी थोडे सामने जिंकणाऱ्या क्लबला पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा पिक मिळायचं. आम्ही २००८ मध्ये तीन जिंकलो होतो, २००९ मध्ये चार. पाचवा जिंकला असता तर ते पिक गेलं असतं. अठराव्या फेरीत एमसीजीवर आमची गाठ पडली रिचमंडशीच. सामना संपल्याचा सायरन वाजल्यावर जॉर्डन मॅकमॅहनने किक मारली, गोल झाला, आम्ही हरलो. त्या सामन्यात आमचे खेळाडू नको त्या जागी उभे केले होते, हे स्टँडमधून दिसत होतं. पुढे एएफएलने, म्हणजे लीगनेच, चौकशी केली. मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण २०१३ मध्ये क्लबला ५ लाख डॉलर दंड बसला आणि त्या वेळचे प्रशिक्षक आणि एक अधिकारी निलंबित झाले. जादा पिकचा तो आपोआप मिळणारा हक्क नंतर काढून टाकला.

आणि मिळवलं काय? त्या ड्राफ्टमध्ये १ आणि २ दोन्ही आमचे. टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. तिसऱ्या नंबरवर रिचमंडने घेतला डस्टिन मार्टिन. स्कली दोन मोसमांत जीडब्ल्यूएसला गेला. ट्रेंगोव्हला पोरवयात कॅप्टन केलं, मग पायाचं हाड मोडलं आणि ते लवकर भरून आलं नाही. जुलै २०११ मध्ये जिलाँगने आम्हाला १८६ गुणांनी हरवलं, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाची हकालपट्टी. त्या मुलांत खोट नव्हती. आधीचे अनुभवी खेळाडू आम्ही भराभर काढून टाकले होते, सरावाला उशिरा आलेल्या पोराला कडक शब्दांत सुनावेल असा मोठा भाऊ ड्रेसिंग रूममध्ये उरला नव्हता. माझ्या मुलीच्या अंडर-१६ संघाचा मी टीम मॅनेजर आहे. त्या वयात ही मुलं कशी असतात ते मी दर शनिवारी बघतो. एक वाईट सामना झाला की तीन आठवडे मान खाली. अशा बावीसजणांना एकत्र टाकून ‘शिका’ म्हटलं तर ती हरायलाच शिकतात.

त्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये ३४ व्या नंबरवर आम्ही एक ताडमाड मुलगा घेतला होता, मॅक्स गॉन. गुडघ्याच्या दुखापतींमुळे पहिली काही वर्षं त्याचं नावही फारसं कुणी घेत नव्हतं. २०१४ मध्ये पॉल रूस प्रशिक्षक म्हणून आले, क्लब ताळ्यावर आला, मग पेट्राका, ब्रेशॉ आणि ऑलिव्हर ही पोरं वरच्या पिकवर आली ती या घडी बसलेल्या घरात. बचावासाठी लेव्हर आणि मे हे तयार गडी पिक मोजून बाहेरून आणले. २०२१ मध्ये ५७ वर्षांनी कप आला तेव्हा कॅप्टन होता गॉन. अंतिम सामना पर्थला होता आणि आम्ही सगळे लॉकडाऊनमध्ये घरात. मी त्या रात्री रडलो.

म्हणून मुलाला सांगा, पिक किती वरचे हे बघू नकोस, त्या पोरांच्या आजूबाजूला कोण आहे ते बघ. २०२५ मध्ये टोबी नॅनकर्व्हिस कॅप्टन होता, लिंच, व्लास्टुइन, प्रेस्टिया हे कप जिंकलेले लोक त्यांच्यासोबत खेळले. २००९ मध्ये आमच्याकडे हेच नव्हतं.

हॉक्स_आणि_हापूस

जुना_डीमन यांचं बरंचसं पटलं, पण अनुभवी माणसं ठेवण्यावर मी इतका जोर देणार नाही. आमच्या हॉथॉर्नने २०२२ च्या शेवटी टॉम मिचेल, जेगर ओमीरा आणि गन्स्टन तिघांनाही जाऊ दिलं. सगळे म्हणाले, मधली फळीच काढून टाकली. झालं काय, तर न्यूकम, वॉर्ड, मॅकडॉनल्ड यांना चेंडू मिळायला लागला. २०२४ मध्ये पहिले पाच सामने हरूनही आम्ही फायनल्समध्ये पोचलो, पुढच्या वर्षी प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीची फेरी. मोठं झाड तोडल्याशिवाय खालच्या रोपाला ऊन मिळत नाही.

आणि न्यूकम कुठून आला, तर मिड-सीझन ड्राफ्टमधून. पहिल्या पाचातले नंबर मोजत बसण्यापेक्षा रिक्रूटरची, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्याची, नजर मोलाची. २००१ मध्ये ट्रेंट क्रोड आणि मॅकफार्लिनला देऊन आम्ही फ्रीमँटलकडून १, २० आणि ३६ घेतले. १ वर ल्यूक हॉज मिळाला हे सगळे सांगतात. ३६ वर मिळाला सॅम मिचेल, २००८ चा कप उचलणारा कॅप्टन आणि आजचा आमचा प्रशिक्षक.

कार्डिनिया_पार्क

मी जिलाँगची. मला हा तळाला जाऊन वर येण्याचा मार्गच मान्य नाही. कार्लटनला २००५, ०६ आणि ०७ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. मर्फी, गिब्स, क्रूझर. तिघेही मन लावून खेळले, पण कप १९९५ नंतर आलेला नाही. उलट आमच्याकडे २००१ च्या एकाच ड्राफ्टमध्ये ८ वर बार्टेल, १७ वर केली, २४ वर स्टीव्ह जॉन्सन आणि ४० वर वडिलांच्या नियमाने धाकटा अ‍ॅब्लेट. त्यातून २००७, २००९, २०११. तिकीट काढून येणाऱ्या लोकांना पाच वर्षं पराभव बघायला लावणं मला चुकीचं वाटतं.

जुना_डीमन

@कार्डिनिया_पार्क, स्टीफन वेल्ससारखा रिक्रूटर प्रत्येकाच्या नशिबी नसतो, आणि जिलाँगला राहायला यायला खेळाडू उत्सुक असतात. नॉर्थला तो पर्याय नव्हता. त्यांनी २०२१ मध्ये पहिल्या नंबरवर जेसन हॉर्न-फ्रान्सिस घेतला, अ‍ॅडलेडकडचा मुलगा. एका मोसमात तो पोर्ट अ‍ॅडलेडला परत गेला. रिचमंडने पहिल्या फेरीत घेतलेले सहाही व्हिक्टोरियातले आहेत, लालोर तर बॅकस मार्शचा. हा मुद्दा कुणी फारसा बोलत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. घरची ओढ लागून ही मुलं पळणार नाहीत.

@हॉक्स_आणि_हापूस, तुम्ही तिघांना सोडलंत, पण सिसिली होता, ब्रूस्ट होता. सगळे नाही सोडले.

कोल्हापूर_ते_टार्नीट

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं. डस्टिन मार्टिन आणि स्कली एकाच ड्राफ्टमधले हे ऐकून तो गप्पच झाला. बॅकस मार्श आमच्यापासून फार लांब नाही, याचा मात्र त्याला भलताच आनंद झाला. आता त्याचा प्रश्न: अजून किती वर्षं?

जुना_डीमन

त्याला त्याच्याच क्लबचा दाखला द्या. कॉचिन २००७ च्या ड्राफ्टचा, मार्टिन २००९ च्या. हार्डविक २०१० मध्ये आले तेव्हा पहिले नऊच्या नऊ सामने हरले. २०१६ मध्येही त्यांना काढा म्हणून आरडाओरडा चालला होता. क्लबने ऐकलं नाही, त्या वर्षाअखेरीस प्रेस्टिया, कॅडी आणि नॅनकर्व्हिस बाहेरून आणले, आणि २०१७ मध्ये ३७ वर्षांनी कप आला. म्हणजे मार्टिनपासून आठ वर्षं. तुमचा मुलगा तोवर स्वतः मत द्यायच्या वयाचा होईल, हे त्याला आजच सांगून टाका.

मधल्या काळात लॅडरकडे कमी बघा. २०२५ ची पहिली फेरी आठवा. कार्लटन बरंच पुढे होतं, तरी रिचमंडने सामना ओढून आणला आणि लालोर त्या दिवशी पहिलाच सामना खेळत होता. असा सामना वर्षातून दोन-तीनदा येईल. व्हीएफएलच्या, म्हणजे खालच्या लीगच्या, सामन्यांना त्याला न्या, दुखापतीतून परतणारी पोरं तिथे जवळून दिसतात आणि सामन्यानंतर सहीसुद्धा देतात. आणि बातम्यांत एकच गोष्ट शोधायची: या सहाजणांपैकी कोण नवा करार करतंय. स्कलीच्या करारावर आमच्याकडे सबंध मोसम गप्पा चालल्या आणि सही झालीच नाही. रिचमंडमध्ये या मुलांच्या सह्या वेळेत, गाजावाजा न होता होत गेल्या, तर समजा की आत सगळं बरं चाललं आहे.