भारतीय हॉकी: बचावाचा खेळ, नवी पोरं आणि तुमचे अनुभव

क्रेग फुल्टन २०२३ मध्ये प्रशिक्षक झाले आणि आपल्या पुरुष संघाचा खेळ बदलला. आधी आपली 'डी', म्हणजे गोलसमोरचं अर्धगोल, सांभाळायची, मग चढाई. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला याच खेळावर कांस्य मिळालं, तरी दोन हॉकीवेडे भेटले की वाद पेटतोच. तुम्ही खेळला असाल, मुलांना शिकवत असाल किंवा जीव टांगणीला लावून सामने पाहत असाल, तर जरूर लिहा.

कॉलेजात राइट हाफ खेळलेला

पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. ब्रिटनसमोर उरलेला सगळा सामना दहा जणांनी काढला, १-१ बरोबरी राखली आणि शूटआऊट ४-२ ने जिंकला. एक गडी कमी असला की काय होतं, हे मी हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळताना भोगलंय. तुमच्या बाजूला दोघे मोकळे असतात. बॉल असलेल्यावर धावून गेलात की दुसरा सुटतो. म्हणून स्टिक टर्फला टेकवून, मधली वाट बंद करून मागे मागे सरकायचं, मदत येईपर्यंत. आपली पोरं त्या दिवशी हेच करत होती, न थकता. याला भित्रा खेळ म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

बऱ्याच वर्षांची प्रेक्षक

त्या दिवसापुरतं मान्य. पण जून २०२५ मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात आपण ओळीने सात सामने हरलो, बहुतेक एकाच गोलाने. मी रात्री जागून ते पाहिले. सामना हातात असताना मागे सरकतात, तेव्हा पोटात गोळा येतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध १-३ ने मागे असताना आपण ५-४ जिंकलो, ते चढाई सोडली नाही म्हणूनच!

वरच्या ताईंना

त्याच टोकियोत ऑस्ट्रेलियाकडून १-७ ने हरलो होतो, तेही धरा हिशेबात.

मुलांना शिकवणारा

बचाव की चढाई, यापेक्षा मला वेगळीच काळजी आहे. पॅरिसमधल्या आपल्या १५ गोलांपैकी १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे. माझ्याकडच्या प्रत्येक पोराला आता त्याच्यासारखं ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढून गोलात भिरकावणारा, व्हायचंय. 'डी'मध्ये पाठीवर बचावपटू असताना बॉल अडवून, वळून फटका मारायचा सराव सांगितला की तोंडं पडतात, कारण त्यात दहादा बॉल हिसकावला जातो. मैदानी, म्हणजे चालू खेळातले, गोल येतात ते तिथूनच. अभिषेक, सुखजीतसारखे आघाडीवीर मला म्हणूनच मोलाचे वाटतात.

चेन्नईला जाऊन आलेला

डिसेंबर २०२५, ज्युनियर विश्वचषक. उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला ५-१ ने धुतलं. कांस्यपदकासाठी अर्जेंटिनासमोर आपली पोरं शेवटच्या पंधरा मिनिटांत आली तेव्हाही ०-२ ने मागे होती, आणि मग धडाधड चार गोल! स्टँडमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. यातल्या चार-पाच जणांना सीनियर संघात घ्या, आणि पाच मिनिटांसाठी नको. सलग सामने खेळवा, चुका होऊ द्या. माजी गोलरक्षक श्रीजेशने प्रशिक्षक म्हणून त्यांना तसंच मोकळं खेळू दिलं, असं मला तिथे बसून दिसलं.

पुन्हा राइट हाफवाला

घ्या की. फक्त पहिल्या दिवसापासून त्यांना मागे धावायलाही लावा.